नाइटवाल्याचं घर

खुर्सीपारच्या त्या गल्लीत शकुबाईच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज कोणी ऐकलाय? छे, नाव नको! सकाळी साऱ्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्या वाजतात, इथं मात्र भात उघड्या पातेल्यात शिजतो. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. नळाखालच्या बादलीत फडकं टाकलेलं, धार वाजू नये म्हणून. नाइटवाल्याचं घर ना ते! आधी नवरा, चंपत, पोलादाच्या प्लांटात होता. तो नाइट करून यायचा, दिवसा झोपायचा, आणि शकुबाई पोरांवर डोळे वटारून दाराशी बसायची. चंपत वारून आता बरीच वर्षं झाली. मुलगा राजदीप तिथंच ठेकेदाराकडे क्रेन चालवतो, आणि त्याच्याही वाट्याला बहुतेक नाइटच येते. माणूस बदलला, घराची रीत तीच राहिली.

शकुबाईला या रीतीचा अभिमान होता, आणि का नसावा? झोपमोड झालेला माणूस क्रेनवर चढला तर काय होतं, हे प्लांटवाल्यांच्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. मागच्याच आठवड्यात राजदीपचा वर बसल्या बसल्या डोळा लागला होता. सुपरवायझरनं सरळ बजावलं, पुन्हा दिसलं तर गेटपास जमा, काम बंद. त्या दिवसापासून शकुबाई घरात पावलंसुद्धा चोरून टाकायची.

राजदीपची मुलगी दीक्षा, तिसरं लागलेलं. दिवसभर आजीजवळ. "आमची पोट्टी घरात हाय का नाही, समजतबी नाही," शकुबाई कौतुकानं सांगायची, आणि ज्यांच्या घरी दंगा चालायचा त्या बायका गप्प बसायच्या.

पण अंगणवाडीची नलूताई वजन करायला घरी आली आणि जाता जाता नको ते बोलून गेली. "ही हासत नाही का वो? एकदा डॉक्टरले दाखवून घ्या."

झालं! सून भूमिका त्या दिवसापासून पार खचली. हुडको वसाहतीतल्या कपड्याच्या दुकानात ती दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलायची आणि घरी आली की पोरीपुढे ठाण मांडायची. गुदगुल्या कर, तोंडं वेंगाड, मोबाइलवर कार्टून लाव. दीक्षा सगळं शहाण्यासारखं बघायची. हसू म्हणून नाही. एका संध्याकाळी भूमिकानं मोबाइल बाजूला टाकला आणि रडायलाच लागली. "आई, माह्या पोरीत काही कमी तं नाही ना?"

डॉक्टरचा नंबर लागला होता, परवा सकाळचा. डॉक्टरनं म्हटलं, पोरगी मंद आहे, तर? आणि त्यानं विचारलं, दिवसभर हिला कोण सांभाळतं, तर? नाव कोणाचं निघणार होतं ते शकुबाईला पक्कं ठाऊक होतं. त्या रात्री तिला अन्न गोड लागलं नाही.

सकाळी भूमिका दुकानात गेली, राजदीप नाइटवरून येऊन पडद्यामागे आडवा झाला, आणि तेवढ्यात शेजारची रीना दारात. कडेवर तिचा पीयूष, चार वर्षांचा, जिवंत फटाका. "आई, याले जरा बघान काय? सासूले दवाखान्यात न्या लागते. बस, आधा घंटा!"

"अवो, राजदीप झोपून राहिला..." शकुबाई कुजबुजली. पण रीनाचा रडवेला चेहरा पाहून ती दारातून बाजूला झाली. पीयूष आत आला.

तिनं दोघांना लांबच्या कोपऱ्यात बसवलं, मध्ये मुरमुऱ्यांची ताटली ठेवली आणि ओठांवर बोट ठेवलं. पीयूषनं मान डोलावली. मग त्यानं एक मुरमुरा जिभेच्या टोकावर ठेवला आणि जीभ दीक्षाला दाखवली. दीक्षानं बघितलं. तिनंही एक ठेवला. दोघं जिभा काढून एकमेकांकडे बघत राहिली. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते त्या दोघांनाच माहीत!

पीयूष फिसकन हसला. शकुबाई ताडकन उठली, आणि जागीच खिळली. दीक्षाचे खांदे गदगदत होते. पोरगी हसत होती! दोन्ही तळवे तोंडावर गच्च दाबून, लालबुंद होऊन, डोळ्यांत पाणी आणून, आवाजाचा कणही बाहेर न पडू देता. आणि सगळा वेळ तिची नजर पडद्याकडे होती.

शकुबाईचं बोट ओठांकडे निघालं होतं. ते तिथंच थांबलं. हे मीच शिकवलं हिला, तिच्या मनात आलं. उठवू द्यायचं लेकाला? गेटपास गेला तर? का गप्प करायचं नातीला, उद्या डॉक्टरपुढेही ती अशीच बसली तर? पीयूषनं आता एक मुरमुरा नाकाला चिकटवला होता. दीक्षाचे हात सुटले. हसू असं फुटलं की भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली डुलक्या घेणारी मांजर पळाली.

पडदा सर्रकन सरकला. राजदीप, तारवटलेले डोळे, कपाळावर आठ्या. "कोन हासलं?"

दीक्षाचे हात पुन्हा तोंडावर गेले. पीयूष भिंतीला चिकटला.

"पीयूष," शकुबाई सवयीनं बोलून गेली. मग तिनं दीक्षाकडे पाहिलं. "नाही रे. खोटं बोलली मी. आपली दीक्षा."

आता हा ओरडणार, शकुबाईनं मनात म्हटलं, आणि ती त्याच्या आणि पोरांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तो तिला वळसा घालून गेला आणि पोरांसमोर फरशीवर बसला.

"पुन्हा हास ना बेटा," तो म्हणाला. "म्या आजवर आयकलंच नाही तुले."

दीक्षा ढिम्म. सांगून का कोणी हसतं? शेवटी पीयूषलाच दया आली. "अंकल, मुंह खोलो," म्हणत त्यानं राजदीपच्या जिभेवर मुरमुरा ठेवला. दीक्षानं बापाची बाहेर आलेली जीभ पाहिली, पीयूषकडे पाहिलं, आणि दोघं एकदमच फुटली.

"उद्या नेजा डॉक्टरकडं," शकुबाई डोळे पुसत म्हणाली. "पन पीयूषले संगं ने. एकटी नाही हासत ते."

राजदीपलाही हसू आवरेना. हसता हसता त्याचा हात वर गेला आणि तोंडावर गच्च बसला.

शकुबाईनं तो हात हजारदा पाहिला होता. लग्नात, फोटोत, मित्रांत. पोराला दात दाखवायची लाज वाटते, असंच ती आजवर समजत आली होती. मघाशी तिनं दीक्षाचे हात पाहिले होते. हुबेहूब तसेच.

ती गुडघे टेकून त्याच्यासमोर बसली आणि त्याचं मनगट धरून तो हात खाली ओढला. "काढ, बाबू," ती म्हणाली. "तुहा बाप उठत नाही आता. हास."