भिवापूरची मिरची, मागची सीट आणि आमचा एसी

मंडळी, आज मी गाडी दुरुस्त केली. हो, मीच! आणि पान्याला हातही न लावता.

भिवापूरहून वर्षभराची मिरची घेऊन आम्ही नागपूरला परत येत होतो. नव्या हायब्रिड गाडीची सीट लाल होऊ नये म्हणून ह्यांनी मागे जाड चादर अंथरली आणि वर पोतं ठेवलं. शेजारी सासूबाई. मे महिन्याची दुपार, आणि अर्ध्या वाटेच्या आधीच एसी कोमट हवा फेकू लागला. सासूबाईंना गरगरायला लागलं.

"गॅस संपला असन. उद्या गॅरेजमध्ये टाकतो," हे म्हणाले.

"मंग मागून घरघर काहून येऊन राहिली?" मी विचारलं.

"तुले काय समजते वं गाडीतलं?"

लहानपणी आमच्या कूलरच्या मागे कोणी कपडे वाळत घातले की तो अस्साच घरघरायचा, आणि बाबा घर डोक्यावर घ्यायचे. उमरेडला मी गाडी थांबवायला लावली. चादर उचलली, तर सीटच्या कडेला जाळी! हायब्रिडची मोठी बॅटरी तिथूनच थंड हवा ओढते आणि ती तापली की एसी मंदावतो. शोरूमवाल्याने सांगितलं होतं, पण तेव्हा हे गाडीसोबत फोटो काढत होते.

चादरीची घडी केली, पोतं माझ्या पायाशी घेतलं. थोड्या वेळात घरघर थांबली आणि गार झुळूक आली.

सासूबाई मुलाला म्हणाल्या, "गाडीतलं काही असलं तं इले विचारत जाय गा."

आता सांगा, तुमच्या घरी गाडीतलं कोणाला समजतं?