उद्धवरावांच्या अकरा शिंका

बेला गावच्या उद्धवरावांना जन्मात कोणाला नाही म्हणता आलं नाही. बैलजोडी मागा, "न्या." फवारणीचा पंप मागा, "न्या." त्यांच्या बायको बयनाबाई म्हणायच्या, "मले कोनी मागतलं नाई, एवढंच नशीब."

पण माघ सरला की त्यांच्या नाकाला वाचा फुटे. एका दमात अकरा शिंका. गावात कोणी कामाला निघालं आणि हे शिंकले, की माणूस चपला काढून परत ओट्यावर. फाल्गुनात त्यांना शुभकार्याचं बोलावणं नसे; लाडू मात्र घरपोच येत.

अखेर आंध्राच्या लाल बसने त्यांनी आदिलाबाद गाठलं. डॉक्टरने बयनाबाईंच्या मिरचीच्या फोडणीला निर्दोष सोडलं आणि कुंपणावरच्या विलायती बाभळीला धरलं. अ‍ॅलर्जी म्हणे. तिच्या तुऱ्यांची पिवळी भुकटी वाऱ्यावर येते. ती फुलली की खिडक्या लावा, बाहेर नाकावर ओला पंचा बांधा, घरी आल्यावर तोंड-डोकं धुवा, रोज गोळी घ्या. उद्धवरावांनी सगळं पाळलं; डॉक्टरलाही नाही कसं म्हणणार? पुढच्या फाल्गुनात नाक गप्प.

हीच संधी साधून मेहुणे लक्ष्मणराव भाचीसाठी, म्हणजे उद्धवरावांच्या पंचफुलेसाठी, गुडीहत्नूरचं स्थळ घेऊन आले. मुलगा तसा चांगला. फक्त पहिली बायको माहेरी गेली ती परतली नाही, एवढंच. पंचफुलेने जेवण सोडलं. उद्धवरावांनी मेहुण्याला सांगायला तोंड उघडलं, आणि "बरं" म्हणून मिटलं.

सुपारी फोडायच्या दिवशी पाहुणे बैठकीत बसले. दाराआड उभ्या पोरीचे सुजलेले डोळे बापाला दिसले. "आलोच," म्हणून ते मागच्या कुंपणाशी गेले, कोरडा पंचा पसरून त्यावर बाभळीची फुललेली फांदी गदागदा हलवली, आणि त्याच पंचाने तोंड पुसत जागेवर येऊन बसले.

अडकित्त्यात सुपारी धरली गेली आणि पहिली शिंक आली. तिसरीला मुलाचा बाप व्यंकटराव चुळबुळला, सातवीला चपला शोधू लागला. अकरावी ऐकायला पाहुण्यांपैकी कोणी उरलं नव्हतं.

"भाऊजी, गोळी घेतली नाई काऊन?" लक्ष्मणराव फणफणले.

"इसरलोच बा," उद्धवराव डोळे पुसत म्हणाले.

बयनाबाईंनी त्यांच्या मिशीतला पिवळा तुरा हळूच टिपला आणि आंघोळीला पाणी ठेवलं. पंचफुलेने तीन भाकरी खाल्ल्या.

लक्ष्मणराव दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन हजर. "हे बाभूळच तोडून टाकतो. पुढच्या बैठकीले भानगड नको."

उद्धवरावांनी नाकावरचा ओला पंचा खाली केला. मेहुण्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं.

"नाई," ते म्हणाले.