गोणपाटाच्या भिंती

आमच्या स्टुडिओच्या उद्घाटनाचं लोक अजून कौतुक करतात. दादानं काय थाटात केलं होतं, म्हणतात. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी कंपनीत इलेक्ट्रिशियन. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं रेकॉर्ड करावीत म्हणून मी एक जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि दोन माइक जमवले होते. भोसरीतल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यासाठी मोकळी केली होती. पण खरी घाई होती ती मामांसाठी. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. त्यांच्या गळ्यावर गावचं भजन उभं होतं. त्या गळ्यातच गाठ निघाली. शनिवारी ऑपरेशन होतं. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

भिंतीपलीकडे पत्रे ठोकणारं प्रेस शॉप, रात्रंदिवस नुसती धाडधाड. भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, तेव्हाच काय ती शांतता. म्हणजे आमच्या हातात एकच गुरुवार होता.

खोली फार घुमायची. मी आणि मामांनी भिंतींना पॅकिंगच्या फळ्यांच्या चौकटी मारल्या, आत काथ्या भरला आणि वरून गोणपाट ताणलं. शिवण सगळी मामांची. दाभण घेऊन मांडी घालून बसायचे, एक पट्टा लावून झाला की टाळी वाजवून कान द्यायचे. शेवटी टाळी कोरडी वाजली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

"आता बेस झालं," म्हणाले. "आता म्हणतो मी हितं."

बुधवारी ओव्हरटाइम करून घरी आलो तर चौकटी उखडलेल्या, गोणपाट गायब आणि भिंतींना चकचकीत निळा ऑइलपेंट. दादा, माझा थोरला भाऊ, कमरेवर हात ठेवून रंग बघत उभा.

"उद्या सत्यनारायण घालतोय," तो म्हणाला. "आमचे साहेब यायचेत. त्यांना काय बारदानात बसवू व्हय?"

"दादा, उद्या मामांचं रेकॉर्डिंग हाय!"

"मग घ्या की पूजा झाल्यावर. पूजेआधी मशिनला हात लावत न्हाईत, एवढं तरी कळतं का न्हाई तुला?"

गोणपाट कुठे गेलं ते सकाळी दिसलं. दाराबाहेर चिखल होता. पाहुण्यांचे बूट खराब होऊ नयेत म्हणून दादानं ते तिथे अंथरलं होतं. मामांनी शिवलेल्या पट्ट्यांवर माणसं पाय पुसून आत येत होती. माझे हात शिवशिवत होते. पूजेच्या दिवशी भांडू नकोस म्हणून आईनं माझा दंड धरून ठेवला.

पाहुणे संपेनात. शिरा, चहा, पुन्हा चहा. रंगाच्या वासानं मामांना मधूनमधून खोकला येत होता. तरी आरतीला दादानं त्यांनाच पुढे केलं. "मामा, जरा मोठ्यानं, साहेबांना ऐकू द्या!" आणि आरती होताच मला हुकूम, टेप लाव, साहेबांचे चार शब्द घे. साहेब एकदाचे बोलून उठतील आणि माइक मामांना मिळेल, या आशेवर मी टेप लावला.

शेवटचा पाहुणा संध्याकाळी गेला. तोवर मामांच्या घशातून नुसती हवा येत होती. शुक्रवारी प्रेस सुरू झाला. शनिवारी ऑपरेशन झालं.

मामा पुढे बरीच वर्षं जगले, हातवारे करून बोलत. दादा त्यांच्याकडे फळं घेऊन जायचा, शेजारी बसून त्याच उद्घाटनाच्या गप्पा मारायचा. आपण काय केलं, हे त्याच्या कधी डोक्यातही आलं नाही. मला सगळ्यात जास्त संताप याचाच येतो.

ती टेप माझ्याकडे आहे. तिच्यावर साहेबांचं भाषण आहे, कपबशांची खणखण आहे, भिंतींवर आपटून दुप्पट झालेला हशा आहे. त्या गोंगाटात मी विचारतो, "मामा, बसायचं का आता माइकपुढं?" आणि मामा खणखणीत आवाजात म्हणतात, "पावण्यांचं होऊ दे आधी. माझं काय, मी घरचाच हाय."