अनिलच्या नंबरची कॉलर ट्यून

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडावर हसणारा मी माणूस. शिक्षण एमएस्सी ॲग्री. अमक्या चिंचेवर हडळ आहे म्हणालं कोणी, की मी म्हणणार, "मग तिला म्हणावं, चिंचा तरी झोडपून दे!" त्यामुळे हे वाचून तुम्ही मला हसलात तर माझी तक्रार नाही. हसा खुशाल.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. मी हिंगोलीत एका बियाण्याच्या कंपनीत होतो. घर सेनगाव तालुक्यात, बंजारा तांड्यावर. तिथं याडी, म्हणजे आमची आई, आणि धाकटा भाऊ अनिल. ऑफिसच्या ग्रुप प्लॅनमधलं एक सिम मी अनिलला दिलं होतं. नाव माझं, पैसे माझ्या पगाराच्या खात्यातून आपोआप कटायचे.

तेव्हा कॉलर ट्यूनचं भलतं खूळ होतं. समोरच्याला फोन लावल्यावर त्याची ट्यून आवडली, की ती वाजत असताना स्टार दाबायचा. तीच आपल्याला लागायची, आणि वर महिन्याचे पैसे कटायचे. अनिल माझी प्रत्येक ट्यून उचलायचा. मी बदलली की याचीही तीच! "अरे माकडा, सोताची पसंत हाय का न्हाई तुला?" म्हणलं की दात काढायचा. "तुजी चांगली असती दादा. मी काहून डोकं लावू?"

विहिरीवरची मोटर चालू करताना शॉक लागून तो गेला. लग्न व्हायचं होतं अजून. आमच्यात बिनलग्नाच्या माणसाला जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या कडेला खड्डा केला. माती लोटायच्या आधी याडीनं त्याचा मोबाईल त्याच्या हाताशी ठेवला... सिमसकट. त्या घडीला तिला कोण अडवणार? पुढे नंबर बंद करायचं मी काढलं की ती रडायची, म्हणून तो तसाच राहिला. शेजारच्या पोरांकडून ती रोज फोन लावून घ्यायची आणि रोज "स्विच ऑफ आहे" ऐकायची.

काही महिन्यांनी बँकेचं स्टेटमेंट काढलं. बघतो तर मोबाईल कंपनीच्या नावावर सिमच्या भाड्याशिवाय आणखी एक रक्कम कटलेली — महिन्याच्या महिन्याला. पुढे लिहिलेलं, अनिलचा नंबर आणि सबस्क्रिप्शन. बँकेतला क्लार्क म्हणाला, "आम्ही नाही कापत साहेब, कंपनीला विचारा." माझं टाळकं सरकलं. कस्टमर केअरच्या पोरीला चांगलं झापलं — मेलेल्या माणसाच्या नंबरला कसली सबस्क्रिप्शन लावता?

"सर, कॉलर ट्यून आहे. त्या नंबरवरून मागच्याच महिन्यात स्टार दाबून कॉपी झालीय."

"कोणाची कॉपी?"

"सर... तुम्ही आत्ता ज्या नंबरवरून बोलताय, त्याची."

माझ्या फोनवर त्याचा एकही मिस कॉल नव्हता. मी तडक तांड्यावर गेलो. म्हणलं, कोणीतरी खड्डा उकरून मोबाईल चोरलाय, दुसरं काय! पण माती घट्ट, वरचे दगड जागच्या जागी, त्यांच्या फटीत गवत आलेलं. तरी मी हटून बसलो, की उकरून बघणार. याडी दारात आडवी झाली. "माजं लेकरू झोपलंय. आदी मला गाड, मग त्याला उकर."

शेवटी ठरलं, ती सबस्क्रिप्शन बंद करून महिनाभर थांबायचं. मी मुद्दाम लहान लेकराच्या खिदळण्याची ट्यून लावली. अनिलला ती बिलकुल आवडायची नाही, कान किटतात म्हणायचा. याडीला बजावलं, "आता पैसे कटले तर मी उकरणार. मग मधी पडायचं न्हाई."

पैसे कटले.

रविवारी सकाळी दोन गडी, टिकाव, फावडं घेऊन गेलो. याडी आधीच तिथं दगडाला टेकून बसलेली. डोळे सुजलेले. "एकडाव फोन लावून दे त्याला. मग कर काय करायचं ते."

मला कीव आली. नंबर लावला आणि स्पीकर चालू करून तिच्या हातात दिला. नेहमीची "स्विच ऑफ"वाली बाई बोलेल म्हणून वाट बघत होतो.

लेकरू खिदळायला लागलं.

उन्हात, त्या दगडांपाशी, ते हसणं... गड्यांनी अवजारं तिथंच टाकली आणि धूम ठोकली. मीही दोन पावलं मागं सरलो, खोटं कशाला सांगू? याडी मात्र फोन गालाला लावून ऐकत होती. तिच्या तोंडावर हसू बघून मला रडू फुटलं.

"हासून राहिला का रं बाळा? बस आता. दादाला तकलीफ नको देऊ. झोप."

फोन कटला. मी लगेच परत लावला. स्विच ऑफ.

खड्डा आम्ही उकरला नाही. पुढच्या महिन्यापासून ते पैसे कटायचे थांबले. कंपनी म्हणाली, सिस्टीममध्ये गडबड असेल. असेल बापडी! पण मातीखाली पडलेल्या मोबाईलची बॅटरी किती टिकते, हे मला कोणी सांगितलं नाही, आणि मलाही आजवर उलगडलेलं नाही.

याडी आता राहिली नाही. अनिलच्या नंबरचं भाडं मी अजून भरतो. माझ्या फोनला मात्र साधी ट्रिंग ट्रिंग आहे. बायको म्हणते, "ट्यून लावायला भिता तुमी." व्हय, भितो. एखादी झकास ट्यून लावावी आणि तिकडून कोणी स्टार दाबलाच नाही, तर?