टपावरची बांधी

लोखंडाला थंड करता येतं असं मानणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या नणदेच्या वाट्याला आला. जवाईबापू सरकारी रोलर चालवायचे. त्या रोलरच्या मागे चाकांवरची एक लोखंडी खोली जोडलेली असायची. आत पलंग, स्टोव्ह आणि एक खिडकी. जिथं रस्ता तिथं रोलर, जिथं रोलर तिथं ही खोली. सगळे तिला गाडीच म्हणायचे. डिझेल चोरीला जातं म्हणून ड्रायव्हरनं रोलर सोडून कुठं राहायचं नाही, असा हुकूम. आणि रस्त्यांची कामं निघतात ती उन्हाळ्यात. आमच्याकडे दुपारी कावळासुद्धा ओरडत नाही, अशा उन्हात चारी बाजूंनी पत्रा असलेल्या डब्यात माणूस ठेवला तर जे व्हायचं तेच माझ्या नणदेचं झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिला ऊन लागलं आणि पोटातलं पोर गेलं. आम्ही तिला बैलगाडीत निजवून दिघोरीला, माहेरी, आणलं. ती नवऱ्यावर ओरडली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "तुमची गाडी थंडी झाली का सांगजा. मंग येतो."

हा नकार होता. कोणत्याही शहाण्या माणसाला कळला असता. जवाईबापूंना वाटलं, आपल्याला काम सांगितलं.

तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. पोराचा ताप पाहावा तसा ते दिसेल त्या वस्तूला उलटा हात लावत. माठाला, झाडाच्या बुंध्याला, म्हशीच्या पाठीला. आमच्या घरी आले की पाण्याच्या गडव्याआधी ओसरीच्या भिंतीला हात जायचा. "वहिनी, मातीची भित श्वास घेते. लोखंड घेत नाही, हाच लफडा हाय." मी म्हणायची, "मंग मातीत राहा न. कायले त्या तव्यावर भाजून राहिले?" ते म्हणत, "रोलर कोन सांभाळन? तुमी?" बायकोशी सरळ बोलायची त्यांची हिंमत नव्हती. बोलायचे माझ्याशी, पण आवाज आतल्या खोलीपर्यंत पोचेल असा. आतून उत्तर आलंच तर तेही मलाच यायचं. "वहिनी, पाहुन्यायले म्हना, च्या घेऊन जा." माझ्या ओसरीवर त्या दोघांचा संसार असा वर्षानुवर्षं चालला, आणि मी मध्ये खांबासारखी उभी.

एका उन्हाळ्यात त्यांनी गाडीला आतून-बाहेरून चुना फासला. अड्याळच्या रस्त्यावर काम होतं, बाजाराचा दिवस होता. आंब्याखाली पांढरीफेक गाडी पाहून एका म्हातारीला वाटलं, कोणा महाराजांची समाधी आहे. तिनं चाकावर नारळ फोडला आणि हात जोडले. जवाईबापू आत झोपले होते. आवाजानं उठून उघडेबंब बाहेर आले, तर म्हातारी टोपलं टाकून बोंबलत पळाली. त्या नारळाचं खोबरं त्यांनी मला आणून दिलं आणि विचारलं, "वहिनी, देवाची गाडी म्हटल्यावर तरी येईल का थे?" मी म्हटलं, "देव तरी राहते का त्यात, थे पहा पहिले."

पुढच्या साली पोती आली. ओली पोती चारी बाजूंनी बांधली तर वारा गार येतो, हे खरं. पण यांनी आणली पेंडीची पोती. भर दुपारी गावची गुरं जमली आणि गाडी चाटायला लागली. एका गोऱ्ह्यानं पाठ घासायला सुरुवात केली, तशी गाडी पाळण्यासारखी हलायला लागली. बपेऱ्याकडच्या रस्त्यावर तर कहरच केला. जिथं आंब्याची सावली, तिथं गाडी उभी. जिथं गाडी उभी, तिथंच रोलर मागेपुढे. झाडाखालचा रस्ता आरशासारखा झाला आणि बाकीची गिट्टी तशीच पडून. ओव्हरसियरनं विचारलं, "रस्ता करायचा आहे की सावली दाबायची आहे?" जवाईबापूंनी सरळ सांगितलं, "साहेब, माही बायको यायची हाय." ओव्हरसियर वळून चालू लागला. अशा माणसाला शिक्षा तरी कोणती देणार?

दरवर्षी ते यायचे, सांगायचे, आणि आतून चहाच बाहेर यायचा. मला दोघांचाही राग यायचा. ती जात नव्हती, तो सोडत नव्हता.

मग एका साली त्यांच्या डोक्यात जे आलं ते धानवाल्याच्याच डोक्यात येऊ शकतं. गाडीच्या टपाला चारी बाजूंनी पट्टीची कड होती. यांनी तलावातली चिकण माती वर नेली, कडेनं मातीचे धुरे घातले, पाणी बांधलं आणि चक्क धानाच्या खाचरासारखी बांधी केली. शेतात करतो तशी, लोखंडावर. तलावातून निघालेला नहर जवळ होता, पाण्याला तोटा नव्हता. वर पाणी ठेवायचंच तर रिकामं कशाला, म्हणून त्यात धान टाकलं. आमच्या ओसरीवर येऊन म्हणाले, "वहिनी, परे उगवले. बोटभर झाले." परे म्हणजे रोवणीसाठी वाढवतात ती धानाची रोपं. ती उन्हाळ्यात आणि गाडीवर उगवली, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. पण माझी नणंद आतून उठून दारात आली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वगळून त्यांना म्हणाली, "कोनतं धान हाय?"

"लुचई," ते सरळ तिलाच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं. पोचवायला मीच गेली. नहराच्या बाजूला गाडी उभी होती, टपावर हिरवंगार, आणि दोन बगळे ऐटीत उभे. मी आत जाऊन पत्र्याला हात लावला. थंड नव्हता. पण माणूस जगेल असा होता. त्या उन्हाळ्यात ती तिथं राहिली. लोक गाडीवरचं धान पाहायला यायचे, आणि ती शिडीवर चढून गवत वेचताना त्यांना म्हणायची, "काहून पाहता? तुमच्या घरी बांधी नाही का?" मी तिला लग्नाआधीसारखी हसताना तेव्हाच पाहिली.

मग दुसऱ्या रस्त्यावर जायचा हुकूम आला. तिनं सांगितलं, "पानी सोडून द्या. वजन झालं लय."

"पानी सोडलं का पत्रा तापन. मंग तू आत बसशील का?"

"मी पायी चालतो. तुमी सोडा."

नाही सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा जमलेलं काम त्यांना हातानं मोडवेना. रोलर माणसापेक्षा हळू चालतो. ती छत्री घेऊन पुढं निघाली. नहराच्या पुलावरून उतरताना सगळं पाणी समोर धावलं, टपाचा सांधा उसवला, आणि अख्खी बांधी आत कोसळली. चिखल, पाणी, परे, सगळं पलंगावर. ती मागं आली तेव्हा जवाईबापू गाडीत चिखलात उकिडवे बसून एकेक रोप वेचत होते. "वाचतीन, वाचतीन," म्हणत होते. तीही बाजूला बसली आणि वेचू लागली. मग ती रोपं ओल्या फडक्यात बांधून मोटारीनं दिघोरीला आली आणि म्हणाली, "वहिनी, हे कुठंतरी लाव."

भर उन्हाळ्यात परे कुठं लावता? शेतं भेगाळलेली. मी न्हाणीच्या सांडपाण्याजवळ लावले. तिनं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. तरी पिवळे पडले आणि गेले. त्यानंतर ती गाडीत कधी गेली नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही. टपाला डांबर फासून, पुन्हा ओली पोती बांधून ते एकटेच राहिले.

नोकरी संपल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. मातीची भिंत, वर कवेलूचं छप्पर. तो एक उन्हाळा दोघं एका छपराखाली होते. घर आधीच गार, तरी हे दारावर ओलं पोतं बांधायचे, दिवसभर पाणी मारायचे. ती ओरडायची, "पुरे करा हो, सर्दी होऊन राहिली मले!" हिवाळ्यात ती तापानं गेली.

आताही उन्हाळा लागला की ते सकाळी तिच्या खोलीच्या दाराला पोतं बांधतात, पाणी मारतात, आत जाऊन भिंतीला उलटा हात लावून पाहतात. आणि बाहेर येऊन उन्हात वाटेकडे पाहत बसतात. मी म्हणते, "जवाईबापू, आत जा न. मरून जासान इथं."

"तुमी आत बसा, वहिनी," ते म्हणतात. "गाडी थंडी झाली आता."

घराला गाडी म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.