महादेव कोंडायचा दिवस

बहात्तरच्या दुष्काळात माझी श्रद्धा डळमळली, पण ती पाऊस नाही म्हणून नव्हे. भक्त पाहून डळमळली. बेंबळीकडच्या आमच्या गावात महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आम्हा गुरवांच्या घराकडे. पाऊस हटून बसला की महादेव कोंडायची आमच्याकडे रीत. गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवायची, म्हणजे देव गुदमरतो आणि पाऊस पाडतो म्हणे.

त्या साली गावात एकाच आडाला पाणी उरलं होतं, तेही बुडाशी. बौद्धवाड्यातल्या बायकांना आडाला शिवू देत नसत. कुणी वरून ओतेल या आशेनं त्या रिकाम्या घागरी घेऊन सकाळपासून उन्हात बसत. त्यांना द्यायला पाणी नव्हतं, गाभारा भरायला मात्र होतं! सोसायटीच्या चेअरमननी सोमवारी सगळ्या गावाला घागरी घेऊन बोलावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जो देव रोज एका तांब्यावर समाधानी असतो, त्याला धमकावायला माणसांच्या तोंडातलं पाणी काढायचं?

रांग वाजतगाजत आली तेव्हा मी उंबऱ्यात आडवा बसलो. "हे पाणी आधी बौद्धवाड्यात जाईल," म्हणालो.

"गुरव, उठा," चेअरमन गरजले. "न्हाय तर उद्यापासून पूजा दुसऱ्याकडं."

पूजेवरच घर चालायचं, आणि मला दुसरं काही येतही नव्हतं. मी डोळे मिटले. देवा, उठवायचं तर तूच उठव, एवढंच मनात आलं.

"म्या न्हाय वतायची हितं!"

डोळे उघडले तर समोर एक म्हातारी. मी कधी न पाहिलेली; तेरहून लेकीकडं आलेली, हे मागाहून कळलं. "लेकरं तहानलीत अन् देवाला बुडवायलात व्हय? लाज वाटू द्या की जरा!" घागर कमरेवर घेऊन ती तरातरा बौद्धवाड्याकडं निघाली. मागोमाग तिची लेक गेली, मग आणखी काही बायका. बाकीच्यांनी मला ओलांडून गाभाऱ्यात पाणी ओतलंच. पण तेवढ्या घागरी तरी तहानलेल्यांपर्यंत पोचल्या.

पाऊस काही पडला नाही. पूजा गेली, घरात हाल झाले. माझ्यामुळं देव कोपला म्हणणारे अजून आहेत. माणसांना पाण्यासाठी ताटकळत ठेवणाऱ्यांवर न कोपलेला देव माझ्यावर बरा कोपेल! ती म्हातारी मला पुन्हा दिसली नाही. तिला कुणी धाडलं हे मी विचारत बसत नाही, नुसते हात जोडतो. हल्ली दर्शन पायरीखालूनच घेतो. गाभाऱ्यात असताना देवाकडं पुष्कळ मागायचो. इथं उभा राहिलो की काही मागावंसं वाटत नाही.