आईच्या ओठांवरचं गाणं

मी आणि विनोद यवतमाळात शेतीचे व्हिडिओ करतो. कॅमेरा त्याचा, माइक माझा. व्हिडिओ होतो एवढासा. कापून उरतात ते किस्से. हार्ड डिस्क भरली, तरी यांची भर चालूच!

हेडफोन लावले की मला गुंगी येते. लांबच्या बैलाची घंटी कानाशी वाजते, कापूस वेचणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येतो. समोरचा बोलायचा थांबला तरी मी ऐकतच असतो. मग विनोद ओरडतो, "अबे, झोपला काय?"

ढाणकीकडे एकदा वारा सुटला होता, म्हणून माइकवर केसाळ टोपी चढवली. शेतकरी आजोबा म्हणाले, "हे मांजर कायले धरून राह्यले?" वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून, असं मी समजावलं. त्यांना पटलं. मग मुलाखतभर ते त्याला गोंजारत बसले! रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर.

कळंबच्या एका काकूंचं मंगळसूत्र कॉलर माइकवर घासत होतं. जरा बाजूला करता का, विचारलं. "तुमच्या मशीनपायी मंगळसूत्र काढू काय मी?" त्या कडाडल्या. मग स्वतःच डोक्यातली पिन काढून तिने माइक कानावरच्या केसांत खोचला. "आता बोलू?" इतका स्वच्छ आवाज मला पुन्हा मिळाला नाही.

विनोदचा जीव मात्र वेगळ्याच आवाजात अडकलेला. त्याची आई गेली आणि तिचा आवाज कुठेच राहिला नाही. बहिणीच्या लग्नाच्या सीडीत ती दिसते, बोलतेसुद्धा; पण शूटिंगवाल्याने सगळ्यावर गाणी चढवलीत. आईचे ओठ हलतात आणि सनई वाजते! म्हणून निदान बाबांचा आवाज तरी नीट जपावा, हा त्याचा ध्यास.

बाबा रिटायर्ड मास्तर. माइक दिसला की शाळेच्या मैदानात उभं राहिल्यासारखे गरजायचे. मी माइक लांब नेला. ते आणखी चढले! "इतक्या दूर ऐकू येत नसन ना!" विनोदने कपाळाला हात लावला. त्याला घरातले बाबा हवे होते, मैदानातले नव्हे.

शेवटी त्यांच्या सदऱ्याला बिनतारी कॉलर माइक लावला. आधी चहा घेऊ म्हणून ते आत गेले आणि माइक काढायचा आम्ही विसरलो. मी अंगणात हेडफोन लावून बसलेलो. कपबशी वाजली, खुर्ची सरकली. खिडकीतून पाहिलं तर बाबा टीव्हीसमोर. तीच लग्नाची सीडी, आवाज बंद केलेला. मी एक हेडफोन विनोदच्या कानाला लावला.

पडद्यावर मांडवातून आई बाबांकडे आली. तिचे ओठ हलले. आणि त्या ओठांबरोबरच बाबा अगदी हळू, तिच्यासारख्या आवाजात म्हणाले, "अवो, विनू जेवला काय?"

मग स्वतःच्या आवाजात म्हणाले, "जेवला वं. तू बैस आता घडीभर."